पंगतीला न आलेले पाहुणे

एकदा एका तालुक्याच्या गावी एक भांड्यांचा व्यापारी राहत होता. विश्वंभर त्याचे नाव. माणूस कष्टाळू, निर्व्यसनी, आईवर जीव असलेला. पण एखादी गोष्ट एकदा का त्याच्या डोक्यात शिरली, की ती तिथेच मुक्काम ठोकायची. त्या उन्हाळ्यात त्याच्या डोक्यात विजेचे बिल शिरले.

बिल आले होतेही तसेच. विश्वंभरने आधी मीटर तपासून घेतला. मग आपल्या तारेवर कोणी आकडा टाकला आहे का, ते पाहिले. दोन्हीकडे काही सापडेना, तेव्हा स्वारी घरातल्या माणसांकडे वळली. पत्नी शालन मिक्सर लावू लागली की हा दारात उभा. "पाटा-वरवंटा काय शोभेला ठेवलाय?" मुलगी जुई अभ्यासाला बसली की हा दिवा बंद करून म्हणे, "खिडकीत बस, अजून भरपूर उजेड आहे." आणि आईच्या खोलीतल्या पंख्याला तर त्याने वेळापत्रकच लावून दिले. दुपारी एक ते तीन चालू, एरवी बंद!

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, ती पदराने वारा घेत खाटेवर बसून राही. असे पंधरा दिवस काढले, आणि मग भाजी आणायला सांगावे इतक्या सहज ती म्हणाली, "विशू, मी आपली धाकट्याकडे जाऊन राहते. फोन केलाय त्याला. रविवारी चार वाजता येतोय न्यायला."

"किती दिवस?"

"बघू," आई म्हणाली.

त्या एका शब्दाने विश्वंभर धास्तावला. वडील गेल्यापासून आई एक दिवसही या घराबाहेर राहिली नव्हती. तिला थांबवायचे तर होते, पण तोंड उघडावे तर ते बिल डोळ्यांपुढे नाचे. शेवटी चपला पायांत सरकवल्या आणि त्याने गुरुजींचे घर गाठले.

गुरुजींनी त्याला लहानपणी गणित शिकवले होते. आता ते ऐंशीच्या घरात होते. शाळा सुटून किती वर्षे लोटली, तरी अडले-नडले की विश्वंभर अजून त्यांच्याच ओसरीवर जाऊन बसे. त्याने सगळे गाऱ्हाणे ओतले. "घरात वीज जपा म्हटलं, तर सगळ्यांची तोंडं वाकडी. आई तर रुसून निघालीय. तुम्हीच समजवा तिला."

गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतले आणि भलतेच काहीतरी विचारले. "तुमच्याकडे ती पंगतीची रीत अजून आहे का रे?"

"आहे तर!" विश्वंभरची छाती फुगली. ही रीत त्याच्या आजोबांपासूनची होती. घरात जेवढी माणसे असतील तेवढी सगळी पानावर येऊन बसल्याशिवाय कोणी घास उचलायचा नाही, आणि कर्त्या पुरुषाने स्वतः खोलीखोलीत जाऊन सगळ्यांना बोलावून आणायचे.

"उत्तम. मग रविवारी मी जेवायला येतो," गुरुजी म्हणाले.

रविवारी शालनने हाताने पिळून आमरस केला, पुऱ्या तळल्या, कुरडया तळल्या. घरभर हापूसचा वास सुटला होता. पण आईची भरलेली पिशवी दाराशी टेकवून ठेवलेली होती आणि येता-जाता सगळ्यांचे डोळे तिच्यावर जात होते. गुरुजी आले. "जरा घर बघतो हं तुझं," म्हणत काठी टेकत सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारून आले, हातपाय धुतले आणि पाटावर बसले. बसल्या बसल्या पाने मोजली. पाच.

"शालन, पानं कमी पडतील बाळ. अजून पाच मांड. वाढू नकोस, नुसती मांड."

"अगंबाई! कोण यायचंय गुरुजी?"

"यायचं कशाला? घरातच आहेत ते."

शालनने विश्वंभरकडे पाहिले, विश्वंभरने आढ्याकडे. वय झाले, दुसरे काय! पाच रिकामी ताटे मांडली गेली. पुऱ्या निवू लागल्या. "करा ना सुरुवात, गुरुजी," विश्वंभर हात जोडून म्हणाला.

"अरे, पंगत कुठे भरलीय? जा, बोलावून आण सगळ्यांना. कर्ता पुरुष ना तू?"

गुरुजींची आज्ञा मोडणार कोण? विश्वंभर उठला. बाहेरच्या खोलीत गेला. तिथे टीव्हीवर चार माणसे एकमेकांवर ओरडत होती, डोक्यावर पंखा भणभणत होता, आणि ऐकायला चिटपाखरू नव्हते. तो परत आला. "कोणी नाही गुरुजी."

"असं कसं? मग टीव्ही कोण बघतंय? वारा कोण खातंय? नीट हाक मार."

बिचारा पुन्हा गेला. "अहो पाहुणे, चला, पानं मांडलीत!" त्याची ती हाक ऐकून जुईला जे हसू फुटले ते थांबेना. मागोमाग शालनही पदर तोंडाला लावून हसू लागली. विश्वंभरने ओशाळून टीव्ही आणि पंखा बंद केला.

"दुसरे न्हाणीघरात आहेत," गुरुजींनी बसल्या जागेवरून सांगितले. न्हाणीघरात गीझरचा लाल दिवा पेटलेला. विश्वंभरची अंघोळ सकाळी सातलाच उरकली होती. तिसरे पाहुणे जिन्यात, टळटळीत दुपारी बल्ब लावून बसलेले. चौथे माजघरात, त्याने पहिल्या कमाईतून घेतलेल्या जुन्या फ्रिजमध्ये. आत दोन बाटल्या पाणी आणि एक सुकलेले लिंबू, आणि त्यांच्यासाठी ते धूड रात्रंदिवस घुरघुरत होते.

पाचवे पाहुणे सर्वांत थोर निघाले. त्यांची सोय विश्वंभरच्या निजायच्या खोलीत होती. जेवून गार खोलीत आडवे होता यावे म्हणून त्याने दोन तासांपूर्वीच एसी लावून दार ओढून घेतले होते. दार उघडताच गारवा अंगावर आला. विश्वंभर तिथे उभा राहिला आणि त्याच्या लक्षात आले, की या भिंतीच्या पलीकडे आईची खाट आहे. इकडे रिकाम्या गादीला थंड वारा मिळत होता, आणि तिकडे आई पंधरा दिवस पदराने वारा घेत होती. त्याला आपली विलक्षण लाज वाटली. डोळे पुसून तो बाहेर आला.

"आले का सगळे?" गुरुजींनी विचारले.

"नाही गुरुजी. पाचही जणांना निरोप देऊन आलो."

"मग त्यांची पानं उचल." गुरुजी हसले, आणि हलक्या आवाजात म्हणाले, "विश्वंभर, दिव्याखाली बसलेलं माणूस दिसतं, म्हणून आपण त्याच्यावर ओरडतो. रिकामी खोली डोळ्यांत भरत नाही. तू नसलेल्यांची इतके दिवस बडदास्त ठेवलीस आणि असलेल्यांचा वारा तोडलास. काटकसर अवश्य कर, ती चांगलीच गोष्ट आहे. पण नसलेल्यांपासून सुरू कर. असलेल्यांपर्यंत येण्याची बहुधा पाळीच यायची नाही."

विश्वंभर आईपुढे जाऊन बसला. "आई, माझं चुकलं. जाऊ नकोस गं."

"आधी जेव," आई म्हणाली. पण त्याच्या डोक्यावरून तिने हात फिरवला. "आणि धाकटा एवढा लांबून येतोय, त्याला रिकाम्या हाती कसा लावून देऊ?"

"आजी, तुझ्याऐवजी आंब्याची पेटी दे!" जुई ओरडली, आणि पंगत हशाने दणाणून गेली. गुरुजींनी तीन वाट्या रस ओरपला. चार वाजता धाकटा आला तेव्हा आई आपल्या खोलीत भरधाव पंख्याखाली गाढ झोपली होती. तो पेटी घेऊन परत गेला, आणि फारसा नाराजही दिसला नाही.

पुढचे बिल पाहून विश्वंभरने पुन्हा मीटर तपासला म्हणतात. आकडा इतका उतरला होता! धावत जाऊन त्याने तो गुरुजींना दाखवला. गुरुजींनी कागद हातातही घेतला नाही. "आई काय म्हणते?" एवढेच विचारले.

आपणही जेवणापूर्वी घरात अशी एक फेरी मारून पाहावी. किती पाहुणे उतरले आहेत ते कळेल.

विश्वंभर तर अजून रोज मारतो. प्रत्येक दाराशी थांबून विचारतो, "कोणी आहे का आत?" उत्तर आले नाही की बटण बंद. शेवटचे दार आईचे. तिथला पंखा बाहेरूनच ऐकू येत असतो, आई आत आहे हे त्याला पक्के ठाऊक असते, तरी तो विचारतोच, आणि कधीकधी तर दोनदा विचारतो.

"आहे रे बाबा," आतून आवाज येतो, "मी आहे!"