दुकानाचे दाणे, घरची मैना

खूप जुना काळ होता तो. तेव्हा नद्यांना पूल नव्हते, गावांना वेशी होत्या आणि पाखरांना माणसांची भाषा शिकवणारी माणसंही होती.

अशाच एका बाजारगावात केरोबा राहत असे. मैनांना बोलायला शिकवणं हेच त्याचं काम आणि तेच त्याचं वेड. त्याच्या मैना ऐकलेलं नुसतं घोकत नसत. विचारलेलं त्यांना कळे. "ऊन कलंडलं का गं?" असं कुणी म्हटलं की त्या अंगणात डोकावत आणि सांगत, "नाही अजून, सावली तुळशीपाशीच आहे." केरोबाचा त्यांच्यावर जीव होता. पण एवढ्या पाखरांना दाणे आणायचे कुठून, हा घोर त्याला कायम लागलेला असे.

एके दिवशी गावातला मोठा व्यापारी नारोशेट त्याच्या दारी आला. मैनांचं बोलणं ऐकून तो हरखून गेला.

"केरोबा, या मैना आपण घरोघर देऊन टाकू. फुकट!"

"फुकट? मग मी यांना खाऊ काय घालू, शेट?"

"दाणे माझ्या कोठारातले. रोज संध्याकाळी मैना दुकानात येतील, दाणे टिपतील आणि घरात काय हवं-नको ते सांगतील. लोकांची पायपीट वाचेल, माझा माल खपेल, तुझ्या पाखरांचं पोट भरेल. यात वाईट कुणाचं होतंय?"

केरोबाने विचार केला. खरंच, वाईट कुणाचंच होत नव्हतं. त्याने पिंजरे उघडले.

घरोघरी मैना गेल्या आणि गावात नुसती धमाल उडाली. बायका मैनेला वेळ विचारत. म्हातारे "आज पाऊस पडेल का?" म्हणून विचारत. पोरं तिला कोडी घालत आणि ती चुकली की लोळून हसत. केरोबा गल्लीतून जाऊ लागला की दारादारातून त्याचं कौतुक होई. तो लाजून मान खाली घाली, पण आतून त्याला फार बरं वाटे.

नारोशेट मात्र दुकानात वाट बघत बसला होता. संध्याकाळी मैना येत, दाणे टिपत आणि तशाच उडून जात. मागणी काही कुणी आणत नसे.

एकदा एक मैना मागणी घेऊन आली. नारोशेटने मोठ्या उत्साहाने माल धाडला. थोड्याच वेळात त्या घरची बाई तणतणत दुकानात आली. "मी तूप मागितलं होतं हो, तुम्ही सूप पाठवलंत! पाहुणे पानावर बसलेत. आता पुरणपोळीवर काय वाढू, सूप?" सगळा बाजार हसला. नारोशेटही हसला, पण त्याचा चेहरा उतरला होता.

"माझ्याकडून लुगडी का मागवत नाही?" त्याने एकदा शेजारणीला विचारलं.

"शेट, लुगडं हातात घेऊन पाहावं लागतं. पोत बघायचा, काठ बघायचा, चार चौघींना विचारायचं. मैनेला काय सांगू, निळं पाठव?"

कोठार तर रिकामं होत चाललं होतं. शेवटी नारोशेटने केरोबाला मैनांना दोन गोष्टी शिकवायला लावल्या. एक, कुणी काहीही विचारलं तरी उत्तर देऊन झाल्यावर म्हणायचं, "नवी लुगडी आली आहेत, दाखवू का?" आणि दुसरी, घरात जे कानावर पडेल ते संध्याकाळी दुकानात सांगायचं.

केरोबाच्या मनाला हे पटलं नाही. पण दाणे शेटचे होते. तो शिकवू लागला.

मग एके सकाळी सोनाराची बायको दुकानावरून चालली होती. नारोशेटने तिला हाक मारली. "वहिनी, लेकीच्या लग्नाचे शालू आलेत, बघून तरी जा!"

ती जागच्या जागी थिजली. "आमच्या लेकीचं लग्न? अहो, अजून बोलणीही झाली नाहीत. आम्ही भावकीलासुद्धा सांगितलं नव्हतं. तुम्हाला कुणी सांगितलं?"

नारोशेट शालूंच्या घड्या घालू लागला. तिला घरची मैना आठवली.

त्या दिवशी गावातल्या घराघरांत पिंजऱ्यांवर फडकी पडली. लोक मैनेसमोर कुजबुजू लागले, मग कुजबुजणंही थांबलं. एकेक करत पिंजरे केरोबाच्या अंगणात परत आले. कुणी त्याला वाईट बोललं नाही. कुणी त्याच्याशी बोललंच नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

नारोशेटने निरोप धाडला. "आता दाणे परवडत नाहीत. उरलेले पिंजरेही गोळा कर. परमुलखातला एक सौदागर पाखरं घ्यायला तयार आहे."

गावाबाहेर एकच पिंजरा उरला होता, धुरपा कुंभारणीकडचा. जड पावलांनी केरोबा तिकडे निघाला.

धुरपा चाकावर बसली होती. कोपरापर्यंत हात चिखलात. पिंजरा उघडाच होता आणि मैना वर आढ्यावर बसली होती.

"धुरपाबाई, मैना परत न्यायला आलोय."

"परत? का म्हणून?"

केरोबा सांगू लागला, तोच मैना किंचाळली, "धुरपा, लेकरू! भट्टी!"

धुरपा उठली ती धावतच सुटली. पाळण्यातून उतरलेलं तिचं लेकरू रांगत रांगत धगधगत्या भट्टीजवळ पोचलं होतं. तिने त्याला चिखलाच्या हातांनी उचललं आणि छातीशी घट्ट धरलं. 

"माझे हात सदा मातीत," ती म्हणाली. "पाठ फिरली की या पोराकडे बघणारं दुसरं कोण आहे मला? हिला मी देणार नाही, केरोबा."

"पण ही दुकानात जाऊन सगळं सांगते. त्याचं भय नाही वाटत?"

"ही कुठली जाते? पहिल्या दिवसापासून मीच हिला दाणे घालते. तिकडे जाण्याचं तिला कारणच काय?"

केरोबा तिथेच ओट्यावर बसला. जो दाणे घालतो त्याचीच मैना होते, हे आता त्याच्या ध्यानात आलं. मग तो उठला आणि थेट दुकानात गेला.

"शेट, पाखरं सौदागराला देणार नाही. आजपासून जो स्वतः दाणे घालेल, त्याच्याचकडे मैना जाईल. ती दुकानात येणार नाही आणि लुगड्यांचं नावही काढणार नाही."

"असे किती निघतील?"

"थोडेच."

नारोशेटने मोठा सुस्कारा टाकला. "खरं सांगू, केरोबा? माझ्या घरच्या पिंजऱ्यावर बायकोने सगळ्यात आधी फडकं टाकलं होतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं." आणि कोठारात तळाशी उरलेले दाणे त्याने केरोबाच्या उपरण्यात ओतले. नारोशेटचं दुकान पुढेही चाललं, पण त्याच्यासमोर मोकळेपणाने बोलायला गावाने पुष्कळ काळ घेतला.

केरोबा पुन्हा दारोदार फिरला. "फुकट होती तेव्हा ठीक होती," असं म्हणत बहुतेकांनी दार लावून घेतलं. त्याने काही पाखरं डबडबल्या डोळ्यांनी रानात सोडून दिली. एक मैना दृष्टी गेलेल्या वैद्याने घेतली. एक घाण्यावर हात सदा गुंतलेल्या तेल्याने घेतली, आणि एक अंथरुणाला खिळलेल्या आजींसाठी त्यांच्या सुनेने. त्या घरांतून मैना कधी परत आल्या नाहीत.

पुढे कुणी मैना मागायला आलं की केरोबा आधी विचारी, "तुमच्याकडे तिला काम काय आहे?" ज्याला सांगता येत नसे, त्याला तो पाणी देई, चार गोष्टी बोले आणि रिकाम्या हाताने परत पाठवी. तो श्रीमंत झाला नाही. पण त्याची पाखरं उपाशी राहिली नाहीत, आणि गल्लीतून जाताना लोक त्याला पुन्हा हाक मारू लागले.

बोध: घरात वावरणाऱ्या सेवकाला मालक एकच असावा, ज्या घराची सेवा करायची त्याच घराचं तो राहिला, तरच त्याच्यावर विश्वास बसतो आणि त्याचं मोलही मिळतं.