बाबलने तिवरांची हरकत विचारली

खाडीकाठच्या एका गावात बाबल नावाचा एक भोळा गडी होता. सरकारी कचेरीत शिपाई होता. सांगितलं तेवढंच करायचा, पण मनापासून करायचा.

सरकारला किनाऱ्यावर दगडी बंधारा घालायचा होता. आधी कुणाचं नुकसान होतंय का ते पाहायचं, असा नियम होता. पाहायचं साहेबांनी, पण बाहेर ऊन होतं. त्यांनी बाबलला सांगितलं, किनाऱ्यावर जाऊन नीट बघून ये.

बाबल भर दुपारी गेला. होड्या समुद्रात, बायका बाजारात. त्याने नीट बघितलं आणि परत येऊन सांगितलं, कुणीच नाही.

बंधारा झाला आणि होड्या ओढून ठेवायला वाळूच उरली नाही. कोळी कचेरीवर आले. साहेबांनी बाबललाच झापलं. नुसतं बघून काय कळतं, विचारायचं असतं.

मग होड्या लावायला धक्का बांधायचं ठरलं. त्यासाठी खाडीतली तिवरं तोडावी लागणार होती. साहेब म्हणाले, जा, तिवरांचं विचारून ये.

बाबल गुडघाभर चिखलात उतरला. एकेका झाडापुढे हात जोडून त्याने विचारलं, "तुम्हाला तोडलं तर चालेल का?" झाडं गप्प. खेकड्यांना विचारलं, तर ते बिळात शिरले.

परत येऊन त्याने हे सांगितलं तसे साहेब खूश झाले. म्हणाले, "कुणी बोललं नाही म्हणजे कुणाची हरकत नाही."

तिवरं गेली. पुढच्या भरतीला खाडी थेट जयवंतीच्या विहिरीत शिरली. सुकी मासळी विकून बाईने एकटीने खोदवलेली विहीर. पाणी खारट झालं.

"मी इथंच राहते," ती बाबलला म्हणाली. "मला का नाही विचारलंस?"

"मला झाडांचं विचारायला सांगितलं होतं."

पण बाबलला फार लागलं. यापुढे पाणी कुणाच्याही दारात आलं, तर आतल्या माणसाला विचारल्याशिवाय राहायचं नाही, असं त्याने ठरवलं.

पावसाळ्यात मोठं उधाण आलं. बंधाऱ्याला अडलेला समुद्र तिवरं तोडलेल्या मोकळ्या बाजूने वळला आणि कचेरीशी आला. बाबल आतून दाराला पाठ लावून उभा राहिला. साहेब जेवून खुर्चीत झोपले होते. त्यांची झोप मोडायची नाही, असा त्यांचाच हुकूम होता. म्हणून बाबलने अगदी हळू विचारलं,

"साहेब, समुद्र दारात आलाय. आत घेऊ का? तुमची काही हरकत?"

त्याने थोडा वेळ वाट पाहिली. साहेब काही बोलले नाहीत.

बाबलने कडी काढली आणि अदबीने बाजूला झाला.