केझियाबाईची पत्र्याची पेटी

फार वर्षांपूर्वी, आगगाडी अजून पोचली नव्हती अशा अमेरिकेतल्या एका नदीकाठच्या गावात, ओबेद थर्स्टन नावाचा एक पेढीवाला होता.

तो काही जन्माचा श्रीमंत नव्हता. तरुणपणी घोड्यांची खोगिरं शिवायचा. एकदा नदीत बुडालेल्या आगबोटीतून लोकांनी एक लोखंडी तिजोरी वर काढली, ती त्याने लिलावात स्वस्तात घेतली आणि दुकानाच्या मागच्या खोलीत ठेवली. गावात दुसरी तिजोरी नव्हती. मग कोणी जमिनीचे कागद ठेवायला आणले, कोणी आजीची कर्णफुलं, तर कोणी आपलं मृत्युपत्र.

ओबेदचा नियम साधा होता. पेटीला कुलूप ज्याचं त्याने लावायचं, किल्ली ज्याची त्याने न्यायची. आत काय आहे ते ओबेद विचारणार नाही. लोकांना हे पटलं. आधी पेट्या आल्या, मग लोक आपली शिल्लकही त्याच्याकडेच ठेवू लागले. वीस वर्षांत गावाच्या चौकात दगडी इमारत उभी राहिली, आणि खोगिरं शिवणारा ओबेद हा ओबेदसाहेब झाला.

एका वसंतात केझिया नावाची बाई बोटीतून एकटीच उतरली. नवरा वारला असं तिने सांगितलं, आणि लोकांचे कपडे धुऊन इस्त्री करून द्यायला लागली. आठवड्याभराने ती पेढीवर आली. हातात पत्र्याची एक पेटी होती.

"साहेब, ही ठेवाल का?"

"ठेवू की," ओबेद म्हणाला.

त्याने पेटी उचलली. आत काहीतरी खुळखुळलं. त्याने बाईकडे पाहिलं. बाईने नजर खाली वळवली.

नेमक्या त्याच आठवड्यात गावाबाहेरच्या टेकडीवर टपालाची घोडागाडी लुटली गेली होती. शहरातल्या सराफाची तीस सोन्याची घड्याळं गेली होती.

ओबेदने तेव्हा मनातही काही आणलं नाही. पण केझिया दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी यायची, पेटी मागायची, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उघडायची, त्यात काहीतरी सरकवायची आणि भरभर कुलूप लावायची. कपडे धुणाऱ्या बाईकडे दर महिन्याला लपवण्यासारखं काय येत असेल? आदल्या शनिवारी ती होडीने पलीकडच्या गावी जाते, असंही ओबेदच्या कानावर आलं. पलीकडे कोण आहे तिचं? विचारलं तर म्हणायची, "जरा काम होतं."

एकदा मनात शंका शिरल्यावर ओबेदला सगळंच वेगळं दिसू लागलं. तिने 'नमस्कार साहेब' म्हटलं तरी त्याला वाटे, ही फार गोड बोलते. न बोलता गेली तर वाटे, आज काय लपवतेय?

पिठाची गिरणी चालवणारा त्याचा जुना मित्र होता. तो एका दुपारी गावच्या न्यायाधीशांना सोबत घेऊनच आला.

"ओबेद, तू अजून त्या बाईची पेटी सांभाळतोयस?"

"सांभाळतोय. का?"

"अरे, सगळं गाव बोलतंय. उद्या घड्याळं तुझ्या तिजोरीत सापडली म्हणजे? आमच्या पेट्याही तिथेच आहेत, चोरीच्या मालाला खेटून."

ओबेद न्यायाधीशांकडे वळला. "तुम्ही हुकूम काढा. मी लगेच उघडतो."

न्यायाधीशांनी घसा खाकरला. "हुकुमाला पुरावा लागतो, तो नाही. पण पेढी तुमची, तिजोरी तुमची. तुम्ही नुसती नजर टाकलीत तर कोणाला कळणार आहे? आम्ही दोघं काही बोलणार नाही."

बाईला बोलावून सरळ विचारावं, असं एकदा ओबेदच्या मनात आलं. पण ती खरं थोडंच सांगणार? सावध होईल आणि पेटी घेऊन पसार होईल. मग लोक म्हणतील, ओबेदने चोर हातचा घालवला.

त्याने दाराला आतून कडी लावली. खोगिरं शिवतानाचं जुनं दाभण त्याच्या टेबलाच्या खणात होतं. ते कुलपात घालून त्याने दोनदा फिरवलं. कुलूप हलकंच होतं, लगेच उघडलं.

आत घड्याळ नव्हतं. सात पत्रं होती, सुतळीने बांधलेली, आणि मूठभर बटणं. हाडाची, हाताने घासून गुळगुळीत केलेली. तीच खुळखुळत होती.

ओबेदने पेटी मिटायला हात पुढे केला, पण गिरणीवाल्याने वरचं पत्र आधीच उलगडलं होतं. कागदाच्या माथ्यावर तुरुंगाचा शिक्का होता, आणि पत्ता पलीकडच्या गावच्या टपालकचेरीचा. 'केझिया, या महिन्यात आणखी सहा बटणं झाली. तुझ्या निळ्या झग्याला पुरतील. चार वर्षं राहिली.'

"नवरा वारला म्हणे!" गिरणीवाला हसला.

"ठेव ते," ओबेद म्हणाला. त्याने पत्र हिसकावून घेतलं, सगळं होतं तसं रचलं आणि कुलूप दाबून बसवलं. घड्याळं सापडली नाहीत याचा त्याला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

तीन दिवसांत ती गोष्ट गावभर झाली. लोक केझियाकडून आपले कपडे परत नेऊ लागले. कैद्याच्या बायकोच्या हातात घरातली चादर कशाला द्या, असं म्हणू लागले. पुढच्या आठवड्यात घड्याळंही सापडली. घोडागाडी हाकणाऱ्यानेच ती घोड्यांच्या दाण्याच्या पोत्यात लपवली होती. पण त्यामुळे कोणी केझियाकडे कपडे परत आणून दिले नाहीत.

सोमवारी ती पेढीवर आली. पेटी घेतली आणि या वेळी ओबेदसमोरच उघडून पाहिली. पत्रांची सुतळी त्याने वेगळ्या गाठीने बांधली होती.

"साहेब," ती शांतपणे म्हणाली, "मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. तुम्हाला एकट्याला."

ओबेदला तोंड वर करता आलं नाही. "बाई, माझं चुकलं."

"हो," ती म्हणाली, आणि पेटी पदराखाली धरावी तशी शालीत गुंडाळून निघून गेली. दुपारच्या बोटीने तिने गाव सोडलं.

ओबेदला वाटलं, आता हे प्रकरण मिटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात गिरणीवाला उभा होता.

"माझी पेटी द्या."

"का रे? काय झालं?"

"काही नाही. घरीच ठेवीन म्हणतो. आणि माझी जी काही शिल्लक आहे, तीही आजच द्या."

वीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने ओबेदला 'द्या' म्हटलं होतं.

"अरे, पण उघड म्हणून तूच तर मागे लागला होतास!"

"लागलो होतो," गिरणीवाला म्हणाला. "आणि तुम्ही उघडलीत. आज तिची, उद्या माझी. दाभण काय, कुठल्याही कुलपात शिरतं."

त्याच्या मागे न्यायाधीश उभे होते. त्यांच्या मागे पाद्री, लोहार, शाळामास्तर, आणि चौकाच्या वळणापर्यंत रांग. कोणी भांडलं नाही, कोणी आवाजही चढवला नाही. प्रत्येकाने आपली पेटी घेतली, कुलूप उजेडात धरून नीट निरखलं, आणि आपली शिल्लक मागितली. ओबेदने शेवटच्या माणसापर्यंत सगळ्यांचं दिलं. पण पुढचा वसंत उजाडला तेव्हा त्या दगडी इमारतीत ठेवायला कोणी काही आणत नव्हतं.

तात्पर्य एवढंच, मुलांनो: शंका आली तर त्या माणसाला समोर बसवून विचारावं. लोकांच्या सांगण्यावरून एकाचा विश्वास मोडला, तर सांगणारेच आधी पाठ फिरवतात.