पंडिताचे चिंचोके

फार पूर्वी, राजे सभेत बसून लोकांचं म्हणणं ऐकत असत त्या काळात (निदान गोष्टींत तरी ऐकत असत), एका नगरात एक अर्थपंडित होता. नगरात काम किती आणि कामाविना हात किती, हे राजाला सांगणं ही त्याची चाकरी. सभेत कितीही वाद पेटला तरी शेवटी सगळे त्याच्याकडे बघत, आणि तो बोलला की विषय मिटत असे.

त्याची मोजायची रीत साधी होती. रोज सकाळी स्नान उरकून, धुतलेलं उपरणं घेऊन तो विणकर आळीतून फेरी मारी. ज्या घरातून मागाची खटखट ऐकू येई, त्या घराचा एक चिंचोका उजव्या बटव्यात टाकी. जे घर गप्प, त्याचा डाव्या. उंबरा मात्र त्याने कधी ओलांडला नव्हता. कानांना कळतंय तर पायांना कशाला त्रास, असं त्याचं मत.

त्या वर्षी परमुलखातून स्वस्त कापड आलं आणि सुताच्या व्यापाऱ्यांनी हात आखडता घेतला. विणकरांना काम उरलं नाही, राजाने तलावाचं खोदकाम काढून त्यांना मजुरी द्यावी, अशी बाजारात कुजबुज सुरू झाली. प्रधान म्हणाला, लोक आळसावलेत. राजाने पंडिताला विचारलं, तसे त्याने भर सभेत बटवे उलटे केले.

"महाराज, दोनशे घरांपैकी एकशे शहाण्णव माग चालू आहेत. काम नाही असं जो म्हणतो, त्याला ते नकोच असेल."

सभा हसली. दवंडीवाल्याने ते वाक्य चौकाचौकांत पोचवलं. तलावाचा निर्णय पौर्णिमेच्या सभेत व्हायचा होता, आणि त्याच सभेत पंडिताला मानाची शाल द्यायचंही ठरलं.

पौर्णिमेच्या आदल्या सकाळी फेरीत त्याचं उपरणं कुंपणाच्या काट्यात अडकून टरकन फाटलं. समोरच्याच घरात माग जोरात वाजत होता. पंडिताने दारातून विचारलं, "बाई, सुईदोरा मिळेल का? हातभर दोरा पुरे."

आतली विणकरीण माग न थांबवताच म्हणाली, "सुई आहे, पंडितजी. दोरा नाही."

विणकराच्या घरात दोरा नाही, हे पंडिताच्या गळी उतरेना. त्याने आयुष्यात पहिल्यांदा तिथला उंबरा ओलांडला. मागावर एक धागा नव्हता. बाई रिकामाच माग हाणत होती आणि चूल थंड होती.

"मग हा खटाटोप कशासाठी?"

बाईने मान खाली घातली. "लेकीची सोयरीक ठरलीय. माग थांबला तर आळीला कळेल. साऱ्यांकडे काम आहे, एकट्या माझ्याच घरी सूत नाही. आणि तुम्हीच सांगितलंत ना, काम नाही म्हणणाऱ्याला ते नकोच असतं. म्हणजे खोट माझ्यातच असणार."

पंडिताला अतिशय लाज वाटली. तो शेजारच्या घरात गेला, मग त्याच्या शेजारच्या. दिवसभर तो उंबरे ओलांडत होता. घरोघरी रिकामा माग वाजत होता आणि जो तो हळूच सांगत होता, की साऱ्या आळीत एकट्या आमच्याच घरी सूत नाही. सूत सापडलं फक्त एकतीस घरांत.

परतताना त्याच्या मनात आलं, गप्प बसलो तर कोणाला कळणार आहे? शाल तर उद्याच मिळतेय. पण त्या बाईची खाली गेलेली मान काही डोळ्यांपुढून हलेना.

दुसऱ्या दिवशी सभेत तो उभा राहिला, तोही फाटक्या उपरण्यानिशी. "महाराज, शाल राहू द्या. माझी मोजणी चुकली. मी आवाज मोजले, काम मोजलंच नाही."

प्रधान हसून म्हणाला, "तेव्हा एक सांगितलंत, आज दुसरं. आम्ही खरं कोणतं धरायचं?"

"आजचं. पण माझ्या शब्दावर नको. चला माझ्याबरोबर, आत जाऊन बघा. कामाविना किती आहेत, एवढंच मला सांगता येतं. त्यांना काम नको आहे, हे मला कोणत्या चिंचोक्याने सांगितलं होतं?"

सभेत कोणी हसलं नाही. राजा स्वतः आळीत जाऊन आला आणि तलावाचं काम त्याच दिवशी निघालं. पंडिताने हट्ट धरला म्हणून त्याच्या चुकीचीही दवंडी त्याच चौकांत पिटली गेली.

दुसऱ्या सकाळी तो फेरीला निघाला तेव्हा आळी जवळजवळ गप्प होती. लोक दारात उभे राहून एकमेकांकडे बघत होते. मग कोणीतरी कुदळ उचलली आणि त्यामागे घरंच्या घरं तलावाकडे निघाली. विणकरीणही निघाली, तिच्याबरोबर लेकीची होणारी सासूही होती. तिच्याही घरचा माग महिनाभर रिकामाच वाजत होता.

शाल गेली ती गेलीच. पोरं त्याला चिंचोके पंडित म्हणून चिडवू लागली. पुढे हिवाळ्यात आळीत थोडं सूत आलं, तेव्हा विणकरिणीने त्याचं उपरणं शिवून दिलं. पांढऱ्या उपरण्याला लाल दोरा, कारण घरात तेवढाच होता. पंडित सभेत जाताना ती शिवण मुद्दाम वर ठेवी.

तात्पर्य: ज्याच्या वाक्यावर सभेचा निर्णय ठरतो, त्याने बोलण्याआधी उंबरा ओलांडावा, आणि तरी चुकलाच, तर जिथे बोलला तिथेच उभं राहून ती चूक सांगावी.