बिनतारेची जोडी

लखमशेटने दरबारात बिनतारेच्या इअरफोनचं पेटंट मागितलं आणि बोरगिरीच्या खोदकाम आळीचं धाबं दणाणलं. त्या आळीत घरोघरी हेच इअरफोन घडत. आळीतल्या भिवराचा सासरा लाकडी बोंडं कोरायचा, नवरा आतली कळ बसवायचा आणि भिवरा बाजारात बसून ती गिऱ्हाइकांच्या कानांत घालून दाखवायची. पेटंट शेटच्या घरात गेलं, तर आळीला शेतात ढेकळं फोडायला जावं लागणार होतं.

आधी कुणी केलं, यावरून वाद पेटला. आळी म्हणे आम्ही, शेट म्हणे मी. शेटची बाजू वरचढ होती, कारण त्याने एक जोडी महाराजांना नजर केली होती. धुंडिराज महाराज ती कानांत घालून सिंहासनावर बसत, सनई ऐकत आणि दिवाणजींच्या तक्रारींना मान डोलावत. इतकं सुखाचं राज्य त्यांनी आजवर केलं नव्हतं.

पेटंट परीक्षक नारोपंतांनी भीत भीत हरकत घेतली. शेटने अर्जात इअरफोनचं नावच घातलं नव्हतं. त्याने मागितलं होतं ते असं : जी वस्तू जोडीने असते, जिच्या दोघांत तार नसते, एक दूर गेला की दुसरा मुका होतो, दमल्यावर जिला झाकणाच्या घरात निजवलं की अंगात ताकद भरते आणि झाकण उघडताच जी आपोआप जागी होऊन बोलू लागते, अशी प्रत्येक वस्तू माझी. नारोपंत म्हणाले, महाराज, हे जाळं फार मोठं आहे, यात काय काय सापडेल सांगता येत नाही.

महाराज हट्टाला पेटले. म्हणाले, "यात बसणारी जुनी वस्तू दाखवा, मी अर्ज फाडतो. पण आळीची साक्ष आळीने द्यायची नाही. या दरबारातल्या प्रत्येकाने ती वस्तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली पाहिजे. उद्यापर्यंत मुदत. नाहीतर शिक्का!"

आळीने डोकं खाजवून खाजवून टक्कल पाडून घेतलं. कुणी बैलजोडी सुचवली, पण त्यांच्या मानेवर जू, म्हणजे तारच झाली. कुणी खुराड्यातली कबुतरं आणली. एक उडवून लावलं, तर दुसरं मुकं व्हायचं सोडून दुप्पट घुमायला लागलं. सासरेबुवांनी स्वतःची कवळी पुढे केली. ती रात्री डबीत निजते खरी, पण सकाळी ताकद भरून येत नाही, हे त्यांनीच कबूल केलं. भिवराला मात्र एक गोष्ट सुचली होती, पण ती बोलायची म्हणजे मान धडावर राहील की नाही याची शंका होती.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. शेट शिक्क्याची शाई घोटत उभाच होता. महाराजांनी विचारलं, कुणी काही आणलं का? भिवराने पदर खोचला आणि ती पुढे झाली.

"वस्तू आणली नाही महाराज, ती इथंच आहे. पण आधी अभय द्या."

महाराजांनी कानातली बोंडं काढली आणि अभय दिलं.

"ती जोडी म्हणजे आपण आणि राणीसाहेब," भिवरा म्हणाली.

राणीसाहेब पुढे सरकून बसल्या. आता माघार नाही हे ओळखून भिवराने दमच खाल्ला नाही. राणीसाहेब माहेरी गेल्या की महाराज कुणाशी शब्द बोलत नाहीत, हे गावाला ठाऊक होतं. दमले की दोघं मच्छरदाणीच्या पलंगात शिरतात, पडदा पडतो आणि सकाळी तो सरकला की अंगात दहा हत्तींचं बळ आणि बोलणं सुरू!

शेट खवळला. "खोटं! लग्नात यांच्या शेल्याला उपरण्याची गाठ मारली होती. अख्ख्या दरबाराने पाहिली. ती तारच!"

"होती की," भिवरा म्हणाली. "पण ती सोडून किती वर्षं झाली, शेटजी! तरी राणीसाहेब माजघरात पुटपुटल्या, तर महाराजांना सदरेवर ऐकू येतं. ऐकू येतं आणि तसंच होतंही. याहून बिनतारेचं काय असतं?"

दिवाणजींना खोकल्याची उबळ आली. ती खोकल्याची नव्हती.

"आणि महाराज," भिवराने हात जोडले, "शिक्का मारायचा तर मारा. पण मग आज रात्रीपासून मच्छरदाणी पाडायच्या आधी लखमशेटची परवानगी काढावी लागेल."

आधी राणीसाहेब हसल्या. मग महाराज असे हसले की मुकुट घरंगळत शेटच्या पायाशी गेला. त्यांनी अर्ज टराटरा फाडला आणि म्हणाले, "याला काहीच द्यायचं नाही का गं?"

भिवराने विचार करून सांगितलं की शेटच्या इअरफोनच्या डबीच्या झाकणावर जो नाचरा मोर आहे, तो खरंच त्याचा आहे आणि फार देखणा आहे. तेवढं पेटंट त्याला द्यावं. शेटला धड रागावताही येईना. त्याने मोरासाठी मान खाली घालून मुजरा केला.

"आणि तुला काय हवं?"

"परीक्षकाची खुर्ची, महाराज."

महाराज पुन्हा हसू लागले आणि नारोपंतांकडे वळले. पण नारोपंत केव्हाच उठले होते. खुर्ची उपरण्याने झटकून, भिवरापुढे सरकवून, ते दरबाराच्या दाराबाहेर पोचलेही होते.