बंदरातली गलबतं

“ज्यात हरताच येत नाही असा एखादा खेळ आहे का तुमच्याकडे?”

ताम्हनकर सरांनी हसत विचारलं. मिरजेच्या गल्लीतल्या त्या पटखेळांच्या दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत येऊन ते तीनदा परत गेले होते. आज मनाचा हिय्या करून आत आले होते.

दुकानाचे मालक अत्तारचाचा फडक्याने सोंगट्या पुसत होते.

“आहे की. डबा उघडायचा नाही.”



बत्तीस वर्षं गणित शिकवताना सरांनी वर्गाला चळाचळा कापायला लावलं होतं. निवृत्त होऊन मुलाच्या गावी आल्यापासून, आठ महिन्यांत, कुणी त्यांना साधं काही विचारलंही नव्हतं. घर खायला उठायचं. इथे माणसं जमतात, नवख्याला शिकवतात, असं कळल्यावर ते आले. आणि आतल्या टेबलाशी त्यांना दिसली रेवती डांगे. तुझ्या डोक्यात बटाटे भरलेत, असं हिलाच ते भर वर्गात म्हणाले होते. लग्न होऊन ती याच गावात आली होती. सरांनी घाईने चाचांकडे तोंड फिरवलं.

“शिकवणार कोण? तुम्ही?”

“मी कसा? सकाळी मी जिंकलो.”

दुकानाची रीतच तशी होती. जो शेवटचा हरला त्याने पट आवरायचा आणि पुढच्या नवख्याला त्यानेच शिकवायचं. सकाळी रेवती हरली होती.

“हरलेल्याला काय येत असतं, की त्याने शिकवावं?”

चाचांनी नुसतं आतल्या टेबलाकडे बोट केलं.

रेवतीने नियम सावकाश सांगितले, एकदाही न हसता. त्याने तर सर जास्तच घाबरले. पट समुद्राचा होता. बंदरातून गलबत काढायचं, बेटावरून मिरी आणायची. वाऱ्याचा फासा उलटा पडला की गलबत बुडायचं. प्रत्येक खेपेला सर मनात हिशेब मांडत, गलबताला बोट लावत आणि मागे घेत. रेवतीची दोन गलबतं बुडाली. सरांचं एकही बुडालं नाही.

डाव संपला. रेवतीकडे मिरीची तीन पोती होती. सरांची पाचही गलबतं बंदरातच उभी होती.

कुणी हसलं नाही. तरी बत्तीस वर्षांचे सगळे वर्ग आपल्याकडे बघताहेत असं सरांना वाटलं.

“माझं एकही बुडालं नाही,” ते पुटपुटले.

“खरंय,” चाचा म्हणाले. “डब्यातून काढली तशीच आहेत.”

सर उठले. आता बाहेर पडलो तर पुन्हा कधीच यायचो नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्याचीच भीती वाटत होती, आणि थांबायचीही. पण रीत ती रीत. ते गलबतं डब्यात भरू लागले.

तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. एक पाय आत, एक बाहेर.

“इथे... काहीच येत नसलं तरी चालतं का?”

सरांनी चाचांकडे पाहिलं. चाचांनी त्यांच्या हातातून डब्याचं झाकण काढून घेतलं.

“सर,” ते म्हणाले, “तुमचा वर्ग आलाय.”