भिकोबाचे तळवे

नीरेच्या काठच्या एका वाडीत भिकोबा नावाचा कुंभार राहत होता. माती तो स्वतः पायांनी तुडवायचा. ज्वारीच्या दाण्याएवढा खडाही त्याच्या तळव्याला कळायचा आणि तो लगेच वेचून फेकायचा. त्याचे माठ सहसा तडकत नसत. आपल्या पायांचा त्याला फार अभिमान होता.

पन्नाशी उलटल्यावर त्याला मधुमेह झाला. गोळ्या तो आठवेल तेव्हा घ्यायचा. हळूहळू मातीत खडे सापडेनासे झाले. हल्ली माती चांगली येते, असं तो सांगू लागला. भट्टीतून मात्र तडकलेले माठ निघू लागले. बायकोने, हौसाबाईने, असा एक माठ फोडून त्यातला खडा त्याच्यापुढे ठेवला. माती पूर्वीचीच आहे, तुमच्या पायांना कळेनासं झालंय, असं ती म्हणाली. भिकोबाला राग आला. खडा भिरकावून तो पुन्हा माती तुडवायला गेला.

एका सकाळी तुडवलेल्या चिखलात रक्त दिसलं. काचेचा तुकडा त्याच्या तळव्यात खोल रुतला होता. भिकोबाने तो उपटला, जखमेवर चिंधी बांधली आणि पुन्हा चिखलात उतरला. हौसाबाई दवाखान्यात चला म्हणून मागे लागली.

"अगं, दुखतच नाही, तर दाखवू काय?" तो म्हणाला.

चौथ्या दिवशी पाऊल सुजलं, ताप चढला. कातडीवर फोड आले, ती काळी पडू लागली, घाण वास सुटला. हौसाबाईने आता त्याला विचारलं नाही. शेजाऱ्याच्या टेम्पोत घालून तिने त्याला तालुक्याच्या रुग्णालयात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला. "दुखलं असतं तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही पहिल्याच दिवशी आला असतात. मधुमेहाने तुमचे तळवे बधिर झालेत."

त्याच दुपारी त्यांनी सडलेलं मांस कापून काढलं. दोन बोटं गेली. आणखी एक दिवस गेला असता, तर जीवही वाचला नसता.

दीड महिन्याने भिकोबा घरी आला. दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाबाई चुलीपाशी होती. तो भिंतीला धरत तिच्याजवळ आला, खाली बसला आणि जरा संकोचाने त्याने दोन्ही तळवे तिच्यापुढे केले.

"नीट बघ," तो म्हणाला. "मला कळत नाही."

तात्पर्य: दुखत नाही म्हणून जखम लहान ठरत नाही; आपल्याला जे जाणवत नाही ते दुसऱ्याला दिसत असेल, तर वेळीच त्याचं ऐकावं.